बायोप्सी क्लिअर आली, तरी अण्णांच्या घशात गाठ होतीच

आमच्या अण्णांचं आख्खं आयुष्य सोलापुरात यंत्रमागावर गेलं, त्यामुळे आवाज बसला तेव्हा जो तो म्हणायचा की कारखान्यातली धूळ असंल नाहीतर तंबाखू. काढे झाले, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. पण नंतर जिना चढताना श्वास घेतला की घशातून घर्रर्र आवाज यायला लागला, मग मी त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलंच.

नाकातून दुर्बीण घातली तेव्हा स्क्रीनवर मलापण दिसलं, डावा स्वरतंतू हलतच नव्हता आणि त्याच्या खाली गुळगुळीत फुगवटा, वरचं अस्तर एकदम नॉर्मल, जखम नाही काही नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. घरात सगळे खूश, पण दम तर वाढतच चाललेला, मग फुगवटा कशाचा ते कुणी सांगेना, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लगेच मानेचा सीटी स्कॅन करायला लावला.

स्वरयंत्राच्या खालच्या बाजूला क्रिकॉइड नावाचं कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं, गोल कडं असतं, गाठ त्याच्या मागच्या भागात होती आणि आत कॅल्शियमचे पांढरे ठिपके. पहिल्या बायोप्सीत नुसतं अस्तर आलेलं, कूर्चेपर्यंत चिमटा पोचलाच नव्हता. मग पूर्ण भूल देऊन खोलवरचा तुकडा घ्यायचं ठरलं, श्वास अडकला तर गळ्याला भोक पाडून नळी टाकावी लागेल असं आधीच लिहून सही घेतली. अण्णांनी पेन हातात धरून एवढंच विचारलं, "पोरी, नळी टाकल्यावर बोलता येतं का गं?" मला उत्तर देता येईना.

रिपोर्टमध्ये काँड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, लो ग्रेड. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये शंभरात एखादाही असा नसतो म्हणे, बाकी बहुतेक सगळे अस्तराचे असतात. कूर्चेची साधी गाठ आणि हा लो ग्रेड कॅन्सर मायक्रोस्कोपखाली जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून पुन्हा तपासून घ्यायला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला गेलो. नुसता कागद नेऊन भागत नाही, स्लाइड्स, बायोप्सीचा तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ब्लॉक आणि सीटीची सीडी मागून घ्या. तिथंही निदान तेच निघालं.

हा हळू वाढतो, सहसा पसरत नाही, केमोचा फारसा उपयोग नाही, ऑपरेशनच करायचं. कूर्चा किती काढावी लागते त्यावर आवाज किती राहील ते ठरणार, आणि अण्णांचा तो प्रश्न यावेळी मी स्वतः सर्जनना विचारून घेतलाय.