तिरका बुरूज

बाबा पुण्याहून महिनाभरासाठी आले होते. लंडन दाखवून झालं, तरी त्यांचं टुमणं एकच: "इथला एखादा किल्ला दाखव गं. मेणाचे पुतळे बघायला नाही आलो मी." म्हणून एका रविवारी आम्ही साउदॅम्प्टनहून गाडी पकडली. वेअरहॅमला उतरलो आणि कॉर्फ किल्ल्याकडे जाणारी बस डोळ्यांदेखत निघून गेली. पुढचा तासभर पाऊस, स्टेशनचा बाक आणि डब्यातल्या दशम्या. (रविवारी बसचं वेळापत्रक आधी बघून निघा.)

डॉर्सेटमध्ये पर्बेकच्या टेकड्यांची लांबच लांब रांग आहे. तिला मध्येच खिंड पडलीय आणि त्या खिंडीत एक सुटी टेकडी, तिच्यावर किल्ला. जुन्या इंग्रजीत 'कॉर्फ'चा अर्थही खिंडच. टेकडीची उंची 55 मीटर. बाबा खिडकीतून बघत म्हणाले, "एवढीच? आपली पर्वती बरी की!"

तिकीट काढून आत शिरलो तसा त्यांचा सूर बदलला. वाट चढाची, गवत ओलं, त्यात त्यांचे गुडघे. दर दहा पावलांना थांबत आम्ही वरच्या दरवाजापाशी पोचलो. दरवाजाला दोन बुरूज. एक जागेवर उभा, दुसरा अख्खाच्या अख्खा उतारावरून खाली घसरलेला, तरीही पडलेला नाही! कमान मधोमध चिरलेली. लोखंडी जाळी वरखाली करायची खाच दगडात अजून स्पष्ट दिसते. बाबांनी तिच्यात बोटं घालून पाहिली.

"भूकंप झाला होता का?"

"नाही. सुरुंग."

मग तिथेच दगडावर टेकून त्यांना सगळं सांगितलं. 1643 मध्ये इंग्लंडात राजा विरुद्ध पार्लमेंट अशी लढाई पेटली होती. किल्ला राजाच्या बाजूच्या सर जॉन बँक्स यांचा. ते बाहेर असताना वेढा पडला आणि लेडी मेरी बँक्स यांनी मूठभर शिबंदीवर किल्ला लढवला. तटावर चढणाऱ्यांवर बायकांनी दगड आणि जळते निखारे ओतले म्हणतात. पार्लमेंटवाल्यांना तेव्हा हात हलवत परतावं लागलं. पुन्हा वेढा पडला तो मात्र फितुरीनं संपला. पिटमन नावाचा आतलाच अधिकारी कुमक म्हणून शत्रूचीच माणसं आत घेऊन आला.

"म्हणजे इथेही सूर्याजी पिसाळ!" बाबा एकदम ताठ बसले.

1646 मध्ये किल्ला पडला आणि पार्लमेंटनं ठराव करून तो उडवायचं ठरवलं. राजाच्या माणसांना पुन्हा कधी त्याचा आसरा मिळू नये, एवढाच हेतू. लेडी मेरींना किल्ल्याच्या किल्ल्या तेवढ्या जवळ ठेवू दिल्या. त्या आजही बँक्स घराण्याच्या किंग्स्टन लेसी इथल्या वाड्यात आहेत. त्याच सुमारास आपल्याकडे तोरण्यावर भगवा चढत होता, हे बाबांनी लगेच जोडून दिलं.

सगळ्यात वर हेन्री पहिल्याच्या काळातला मुख्य बुरूज आहे, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. 21 मीटर उंच. त्याचाही एक कोपरा तेवढा उरलाय, वर आभाळ. खालून वाफेचं इंजिन शिट्टी मारत गेलं. बाबा मात्र गप्प होते. चाळीस वर्षांपूर्वी ते दोर लावून सह्याद्रीतल्या अलंग किल्ल्यावर चढले होते. तिथल्या पायऱ्या 1818 नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, म्हणून दोर.

"यांनी आधी घरीच हात बसवून घेतला होता म्हणायचा," ते म्हणाले आणि उठले.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. मी पुढे, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. गावातली कितीतरी घरं किल्ल्याच्याच चिऱ्यांनी बांधलीत. चहाच्या दुकानात शिरताना बाबा दाराशी थबकले आणि भिंतीतल्या एका घडीव दगडावर त्यांनी बोटानं टकटक केलं.