“आपण रांगेत उभं राहून आलो”

आम्ही इथली, अमेरिकेतली मराठी मंडळी गणपतीला, दिवाळीला जमलो की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आपण कायद्याने आलो, रांगेत उभं राहून आलो.” गेल्या आठवड्यात तेच वाक्य फोनवर आत्याच्या तोंडून ऐकलं. अमेरिकेतून बेड्या घालून परत पाठवलेल्या भारतीयांच्या बातम्या तिने कोथरूडला बसून पाहिल्या होत्या. “तुझं तसं नाही गं, तू शिकून, नोकरी मिळवून गेलीस.” ती मायेनेच बोलली. पण अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतल्यापासून हे वाक्य मला फार खुपायला लागलंय.

रांग आहे, आणि ती जीवघेणी आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यांत, कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची अर्धी उमेद वाट पाहण्यात जाते. आम्हीही ती वाट पाहिली. पण ही रांग आपल्यासाठी सुरू कधी झाली, हे आमच्यापैकी कुणी विचारत नाही.

आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेत भेटतात. १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. मात्र आदल्याच वर्षी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता, तो आपल्याला कुणी शिकवला नाही. १९१७ मध्ये नकाशावर एक पट्टा आखून भारतासह आशियाचा मोठा भाग बाद झाला. विद्यार्थी आणि काही व्यावसायिक तेवढे वगळले. नागरिकत्वाचं तर विचारूच नका. १७९० च्या कायद्याने ते फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांना मिळायचं, आणि पुढे त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली तरी आपण बाहेरच होतो.

इथे भगतसिंग थिंडची गोष्ट सांगायलाच हवी. पंजाबातून आलेला हा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याला मिळालेल्या नागरिकत्वाला सरकारने आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्या वकिलांचा युक्तिवाद असा, की हा उच्च जातीचा, म्हणजे आर्य, म्हणजे गोरा. आणि उच्च जातीचे लोक खालच्यांत मिसळत नाहीत, म्हणून रक्त शुद्ध. हे वाचताना मला लहानपणी आमच्या पेठेत ऐकलेले कितीतरी आवाज आठवले. १९२३ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मले होते, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आले होते.

त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. पेशावरचे वैष्णो दास बगई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत होते. अमेरिकन झाले म्हणून त्यांनी ब्रिटिश प्रजाजनत्व सोडलं होतं, आणि आता अमेरिका म्हणत होती तुम्ही आमचे नाही. मालमत्तेवरचा हक्क गेला, मायदेशी जायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्या माणसाने कुठल्या रांगेत उभं राहायला हवं होतं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात आलेल्यांना अडकवून ठेवायचे. ती बराक मी बघून आले. लाकडी भिंतींवर चिनी कैद्यांनी कोरलेल्या कविता रंगाच्या थरांखालूनही उमटलेल्या दिसतात, बोट फिरवावंसं वाटतं. चौकशीत त्यांना विचारायचे, गावच्या घराला पायऱ्या किती, तिसऱ्या घरात कोण राहतं, तांदळाचं भांडं कुठे असतं. नातेवाइकाच्या उत्तराशी जुळलं नाही तर परत पाठवणी. आमच्या वाड्याच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या, हे मला आणि माझ्या भावाला वेगवेगळं बसवून विचारलं तर उत्तरं जुळणार नाहीत.

आणि आमच्या मुलांचे निळे अमेरिकन पासपोर्ट? व्हिसावर असताना झालेलं मूल जन्मतः अमेरिकन ठरत आलं, ते चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे आणि वाँग किम आर्क नावाच्या चिनी स्वयंपाक्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या या माणसाला चीनहून परतताना बंदरावर अडवलं, तो लढला आणि १८९८ मध्ये जिंकला. २०२५ च्या जानेवारीत तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या मुलांचा हा हक्क काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा आमच्या ग्रुपवर एका रात्रीत सगळ्यांना चौदावी दुरुस्ती पाठ झाली.

आपल्याला १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला १०० भारतीय. खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने देशाची हवा बदलल्यावर. त्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनिअर विमानं भरून आले. हुशारी आपली होतीच, ती १९२३ मध्येही होती.

यात पुण्याला कमी लेखायचं नाही. श्रीवर्धनच्या भटांना, म्हणजे पेशव्यांना, पुण्याने आपलं म्हटलं, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी पिंपरीत बाजार उभा केला. भाडेकरूचं आडनाव विचारणारे तिथेही आहेत, पण माझे आजोबा कोकणातून आले तेव्हा कुणी कागद मागितला नव्हता.

राहिला प्रश्न ‘देश सोडलास’ या टोमण्याचा. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळे शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार. त्याचं वाईट वाटतंच. पण जिथे कर भरते, जिथे मुलं शाळेत जातात, तिथे मत नसलेली पाहुणी म्हणून म्हातारी व्हायचं नाही मला. बगईंना जे नाकारलं ते मला मिळत असताना मी ते का टाळू?

आत्याला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, “म्हणजे आता यायला व्हिसा लागणार का तुला?” नाही, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळेल. तिकडे मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही, बाकी येणं-जाणं मोकळं. इकडच्या पुढच्या निवडणुकीआधी शपथ होते का, तेवढं आता बघायचं आहे.