खांब बघा, मग कपडे काढा

म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये, हाउस डेअर कुन्स्ट या कलादालनाच्या मागून ओढ्याच्या काठाने उत्तरेकडे निघालं की थोड्याच वेळात श्योनफेल्डवीझ हे कुरण लागतं. ऊन असेल त्या दुपारी लोक शर्ट-पँटची घडी करून उशाला घेतात आणि विवस्त्र पडून राहतात. वाटेवरून जाणारे त्यांच्याकडे बघतही नाहीत. हे सगळं अधिकृत आहे: 2014 मध्ये शहराने उद्यानात आणि इसार नदीकाठी मिळून अशा सहा जागा आखून दिल्या. जर्मनीत नुसतं उघडं असणं हा फौजदारी गुन्हा नाही, पण लोकांना उपद्रव झाला असं ठरलं तर किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यातल्या कलम 118 खाली दंड बसतो. सौनामध्ये, म्हणजे घाम काढायच्या गरम लाकडी खोलीत, नियम उलटा. तिथे बहुतेक ठिकाणी पोहण्याचे कपडे चालत नाहीत, आणि पायाचे तळवेसुद्धा टेकतील एवढा मोठा टॉवेल अंगाखाली हवाच. घाम लाकडाला लागू नये, एवढंच त्यामागचं कारण.

आल्प्समध्ये शिरलं की ही मोकळीक आटते. विवस्त्र गिर्यारोहक वाढू लागल्यावर आपेन्झेल इनररोडन या छोट्या स्विस कॅन्टनने (प्रांताने) 2009 मध्ये उघड्यावर भरणाऱ्या मतदारसभेत हात वर करून बंदी मंजूर केली. दंड 200 फ्रँक. शेजारच्या आउसररोडनमधल्या एका विवस्त्र गिर्यारोहकाचा दंड 2011 मध्ये स्विस सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. ‘डोंगरात कोण बघतंय’ हा बचाव तिथे टिकत नाही.

फ्रान्समध्ये कॅप द'आग्दचं नॅचरिस्ट, म्हणजे विवस्त्र राहणाऱ्यांचं, गाव फाटकाआड आहे. दिवसाचा पास घ्या, आत दुकानापासून समुद्रापर्यंत तसेच फिरा. फाटकाबाहेर दंडसंहितेचं कलम 222-32 आहे: लैंगिक प्रदर्शनाला एक वर्ष कैद आणि 15,000 युरो दंड. आतल्या किनाऱ्यावर सगळंच माफ आहे असा पाहुण्यांचा समज असतो, तो खोटा. उघड्यावरच्या लैंगिक कृत्याला हेच कलम तिथेही लागतं. कॅमेरा तर पिशवीतून काढूच नये.

सर्वांत जास्त फसगत स्पेनमध्ये होते. 1988 मध्ये ‘सार्वजनिक बेअब्रू’चा गुन्हा संहितेतून गेला, तेव्हापासून स्पेनमध्ये सगळं चालतं असं जिथे तिथे वाचायला मिळतं. अर्धंच खरं आहे. नगरपालिका स्वतःचे नियम करतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलेत. बार्सेलोनाने 2011 मध्ये रस्त्यावरची नग्नता बंद केली. दंड 500 युरोपर्यंत. नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत किनारा सोडून शहरात शिरलं तरी पावती फाटते. तिथल्याच मार बेयाच्या किनाऱ्यावर विवस्त्र झोपणारा माणूस मेट्रोकडे निघताना शर्ट चढवायला विसरला, की सापडला. म्हणून देशाचा कायदा वाचण्याआधी त्या गावाचा नियम शोधावा, असं माझं मत.

इंग्लंडचा कायदा हेतू विचारतो. 2003 च्या लैंगिक गुन्हे कायद्याचं कलम 66 लागायला, समोरचा घाबरावा किंवा त्याला त्रास व्हावा या हेतूने गुप्तांग दाखवलेलं असावं लागतं. नुसतं ऊन खाणारा त्यात बसत नाही. डॉर्सेटमध्ये स्टडलंडला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने किनाऱ्याचा नॅचरिस्ट पट्टा खांबांनी आखून दिलाय. अशा किनाऱ्यांवर घोळ होतो तो पाण्यात: पोहताना प्रवाह बाजूला नेतो, आणि माणूस पट्ट्याबाहेर, एखाद्या कुटुंबाच्या छत्रीसमोर वर येतो. आत उतरण्यापूर्वी जमिनीवरची खूण नजरेत धरा. स्कॉटलंडमध्ये मात्र शांतताभंगाचा आरोप येतो. देशभर विवस्त्र चालणाऱ्या एका माजी सैनिकाला तिथे पुन्हापुन्हा तुरुंगवास झाला, आणि 2014 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयानेही त्याच्या विरोधात निकाल दिला.

अमेरिकेत राज्य, काउंटी, शहर, ज्याचं त्याचं वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोत 2013 पासून रस्त्यावर बंदी, पहिल्या वेळी 100 डॉलर दंड. परवाना घेतलेल्या मिरवणुकांना सूट. मायामीजवळच्या हॉलोव्हर किनाऱ्यावर लाइफगार्डच्या 12 ते 16 क्रमांकाच्या मनोऱ्यांमधला पट्टाच तेवढा मोकळा. गाडी लावायची जागा बहुतेक ठिकाणी पट्ट्याबाहेर असते, तेव्हा चड्डी पिशवीत सगळ्यात वर ठेवा.