आज किचन आवरलं, अख्खा रविवार त्यातच गेला

सकाळी चहा झाला आणि ठरवलं, आज ट्रॉल्या रिकाम्या करायच्याच. आमचं ठाण्यातलं वन बीएचके, किचन एवढंसं, ओट्याखाली चार ट्रॉल्या, वर दोन कपाटं, आणि तरी रोज सांडशी शोधायला पाच मिनिटं. सगळं हॉलमध्ये मांडलं तर बसायला जागा उरली नाही. तीन किसण्या निघाल्या, एका डब्यात रव्याला जाळी धरलेली.

खरी जागा खात होते ते गोल डबे. चौकोनी कप्प्यात गोल डबे एकाला एक लावले तरी मधल्या फटींत साधारण २१ टक्के जागा वाया जाते, म्हणून जांभळी नाक्यावरून चौकोनी डबे आणले आणि डाळी-कडधान्यं त्यात भरली. ताटं, तवे आता उभे लावलेत, एक ओढला की बाकीचे हलत नाहीत. कुकर, खलबत्ता खाली. मसाले गॅसच्या वरून काढले, पावसाळ्यात वाफेने गोळे होतात त्यांचे, आता दुसऱ्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये झाकणावर नावं लिहून.

कोपऱ्यातल्या कपाटात अगदी मागे आईचा पितळी सोऱ्या सापडला, दट्ट्याला कुठल्यातरी दिवाळीचं पीठ वाळून चिकटलेलं. चिंचेने घासला, असला लखलखला ना! तो आत नाही ठेवला, पुढेच ठेवलाय, दिसेल असा.

संध्याकाळी सासूबाईंनी कुणाला न विचारता साखरेचा डबा काढला आणि चहा टाकला. इतकं बरं वाटलं मला.