बेल वाजली की

परवा दुपारी दाराची बेल वाजली आणि मी चक्क श्वास रोखून सोफ्यावर बसून राहिलो. पार्सल यायचं नव्हतं, कोणी येतोय म्हणून मेसेज टाकला नव्हता, मग कोण? पाय न वाजवता जाऊन पीपहोलमधून बघितलं तर समोरच्या काकू, हातात झाकलेली वाटी. आता पाच मिनिटं गप्पा माराव्या लागणार ह्या भीतीनं मी, चाळिशीचा घोडा, दाराआड उभा राहून त्या जायची वाट बघत होतो. गेल्या बिचाऱ्या, वाटी शू-रॅकवर ठेवून.

तेव्हा मला वाश्ती आठवली. ई. एम. फॉर्स्टर ह्या इंग्रज लेखकाची 'द मशीन स्टॉप्स' नावाची गोष्ट आहे, १९०९ सालची, म्हणजे घरोघरी रेडिओ यायच्याही आधीची. त्यात माणसं जमिनीखाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या खोल्यांत एकेकटी राहतात, बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की बिछाना, आणि बोलायला एक गोल चकती जिच्यात समोरच्याचा चेहरा दिसतो (व्हिडिओ कॉलच की!). वाश्तीबाई हजारो लोकांना ओळखतात, पण पोरगा म्हणाला प्रत्यक्ष भेटायला ये, की लगेच कां-कू सुरू. पोराशी बोलायला ३ मिनिटं सगळं बंद ठेवलं तर नंतर खटका फिरवल्याबरोबर साठलेल्या घंटा खणाखणा वाजायला लागतात, नवीन जेवण कसं वाटलं, काही नवीन सुचलं का. आमचा सोसायटीचा ग्रुप, दुसरं काय.

पण मला चटका लावून गेलेली जागा वेगळीच आहे. हवाई जहाजाच्या प्रवासात वाश्तीचा तोल जातो, तिथली बाई सावरायला हात पुढे करते, तर वाश्ती तिच्यावरच खेकसते, कारण एकमेकांना हात लावायची पद्धतच उरलेली नाही. आणि ती बिचारी माफी मागते, पडू दिलं नाही म्हणून! ह्यात कोणी हुकूमशहा नाही, पोलीस नाहीत, नुसती सवय गेलीय.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये ह्यावर भोंगा काढला, संध्याकाळी ७ ला वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. वाचलं तेव्हा हसलो होतो. आता वाटतं आमच्या बिल्डिंगमध्ये भोंगा वाजला तर आम्ही बंद फोन हातात धरून आपापल्या घरात बसून राहू, साडेआठची वाट बघत.

वाटीत कैरीचा मेथांबा होता, फर्मास. थँक्यूचा मेसेज टाकावा तर काकूंचा फोन बटणांचा. आणि वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून तिच्यात काय घालायचं ते यूट्यूबवर बघत बसलोय, तीन रेसिप्या सेव्हपण केल्यात, वाटी अजून ओट्यावरच आहे, आणि आत्ता जिन्यात काकूंच्या चपलांचा आवाज आला तसा मी व्हिडिओ म्यूट केला.