एका मताची गीतमाला

रविवारी रात्री ओटा पुसून झाला की मी वही काढते. दोनशे पानी, नौपाड्यातल्या दुकानातून आणलेली. डावीकडे एक ते दहा आकडे, पुढे गाणं, मागच्या आठवड्याची जागा आणि एक बाण. वर, खाली, नाहीतर नुसतीच रेघ. मतदार मी, परीक्षक मी आणि निकाल ऐकायलाही मीच.

हे खूळ आईकडून आलं. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचं 'बहनों और भाइयों' ऐकू आलं की तिची तव्यावरची पोळी हमखास करपायची. बिनाका गीतमाला, म्हणजे लोकप्रिय हिंदी सिनेगीतांची दर आठवड्याची क्रमवारी, सुरू झाली १९५२ साली. गंमत म्हणजे त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये एका संगीत साप्ताहिकाने रेकॉर्डच्या दुकानांना फोन करकरून खपाची पहिली यादी छापली. आपल्याकडे तेव्हा बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले होते आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार होत होती, म्हणून लोकांचे कान कोलंबोकडे. (मराठी माणसाने शिस्त लावायला जावं आणि भलत्याचंच भलं व्हावं!) सायानींच्या पायदानांमागे निदान रेकॉर्डची विक्री होती, श्रोता संघांची मतं होती. माझ्यामागे काय, तर ठाणे-वाशी लोकल. ऐरोलीला ज्या गाण्याने गळा दाटून येतो, तेच तुर्भ्याला रडकं वाटतं. मग त्याला चौथी जागा द्यायची की नववी?

आणि एवढं करून मी लबाडी करते. लेकीने ऐकवलेलं एक कोरियन गाणं सलग अकरा आठवडे पहिलं होतं. बाराव्या आठवड्याला माझं मलाच कसंतरी झालं, ते गुपचूप तिसरं केलं. एका गायिकेचं फार वाखाणलेलं गाणं मी जेमतेम दीड वेळा ऐकलं, तरी सहावं. वही कुणी वाचत नाही, पण मी तिच्यासमोर पदर सावरून बसते.

डिसेंबरात फोनमधल्या अ‍ॅपने वर्षाचा हिशोब दाखवला. तिथे तीस सेकंद ऐकलं की झाली नोंद, भीडमुर्वत नाही. पहिल्या नंबरवर एक आगरी गाणं, हळदीला डीजेवर वाजतं ते. लेकीने वही चाळली.

"आई, हे यात कुठाय?"

"ते ऐकायचं नाही गं, चालायचं आहे. तलावपाळीला फेऱ्या मारताना पाय उचलावेत म्हणून."

"वर्षभर चालतच होतीस?"

गेल्या रविवारी ते आठव्या जागेवर लिहिलं. पेन्सिलने. पुढे 'नवीन प्रवेश' लिहिताना हात जरा अडखळला, कारण ते मी तीन पावसाळ्यांपासून ऐकतेय.