टोकियो सोडताना सोफा-पलंगाचं काय करायचं?

टोकियोच्या निशी-कासाई भागातलं घर रिकामं करायचं असेल तर सोफ्याची सोय विमानाच्या तिकिटाइतकीच लवकर करा. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारण ३० सेंमीपेक्षा मोठी वस्तू 'सोदाई गोमी', म्हणजे मोठा कचरा ठरते. ती रोजच्या कचऱ्यात चालत नाही.

आधी वॉर्डाच्या केंद्रात फोनवर किंवा ऑनलाइन नोंदणी करा. लांबी, रुंदी, उंची मोजूनच बसा, कारण शुल्क त्यावर ठरू शकतं. पलंग आणि गादी सहसा वेगळ्या वस्तू धरतात. तारीख आणि रक्कम कळली की कॉन्बिनीतून (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातून) तुमच्याच वॉर्डाची शुल्काची स्टिकरं घ्या: 'ए' २०० येनचं, 'बी' ३०० येनचं. ८०० येन झाले तर एक 'ए', दोन 'बी'. त्यावर नाव किंवा नोंदणी क्रमांक लिहून दिसेल असं चिकटवा आणि त्या दिवशी सकाळी आठच्या आत ठरल्या जागी ठेवा. स्टिकर कमी पडलं की वस्तू तिथेच राहते.

मार्च-एप्रिलमध्ये सगळं जपान घरं बदलतं, तारखा लांबतात. महिनाभर आधी नोंदणी केलेली बरी. चांगलं टेबल असेल तर त्याहून आधी 'जिमोती' या स्थानिक देवाणघेवाणीच्या साइटवर फोटो टाका, 'स्वतः येऊन न्या' असं स्पष्ट लिहून.

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी यांना २००१पासून वेगळा रिसायकलिंग कायदा आहे. वॉर्ड ते घेत नाही. दुकानदाराकरवी पैसे भरून द्यावे लागतात.

आणि 'फुकट नेतो' म्हणत भोंगा लावून फिरणाऱ्या ट्रकला कृपा करून काही देऊ नका. घरातला कचरा उचलायला नगरपालिकेचा परवाना लागतो. तो नसलेले लोक अनेकदा माल चढवल्यावर भरमसाट पैसे मागतात.